दोना बाल्बिनाची मिटलेली तोंडं

दोना बाल्बिना सेर्केइरा अडतीस वर्षं हस्तिदंतावर माणसांचे चेहरे रंगवत होती आणि त्यातला एकही चेहरा त्या माणसासारखा नव्हता. तिच्या माघारी बोलत नाही मी. ती स्वतःच हे सांगायची, तेही गिऱ्हाईक समोर बसलेलं असताना. "तुला तुझ्यासारखं चित्र हवंय? मग चौकात वेनान्सियो फोटोवाल्याकडे जा. माझ्याकडे आलीस तर सुंदर होऊनच बाहेर पडशील, माझा इलाज नाही."

इलाज नव्हता, कारण बापाने तिचा हात तसाच बसवून दिला होता. त्याचा नियम होता: डोळे खऱ्यापेक्षा बाजरीच्या एका दाण्याने मोठे, नाक एका दाण्याने लहान, आणि तोंड मिटलेलं. आता पदकाएवढ्या चित्रात एक दाणा म्हणजे काय होतं, ते तुम्हीच बघा.

धंदा आजोबांपासूनचा. ते फ्रेंचांनी पोर्तुगालवर स्वारी केली त्या वेळचे. राजा दरबार घेऊन ब्राझीलला पळाला, मोठ्या घरांतली निम्मी माणसं समुद्राच्या त्या काठाला आणि निम्मी या काठाला अशी अवस्था झाली, आणि आजोबांची चांदी झाली. हस्तिदंताच्या पातळ चकतीवर नवऱ्याचं तोंड, मागे त्याच्या केसांची बट, वर काच, आणि ते सगळं बायकोच्या उराशी. पुढे फोटोची यंत्रं आली. लिस्बन-पोर्तोचे चित्रकार एकेक करून फोटोंना गुलाबी गाल लावायच्या कामाला लागले. आमच्या पोन्ते द लिमात मात्र लघुचित्रं टिकली, ती परत ब्राझीलमुळेच. इथली पोरं बारा-तेराव्या वर्षी तिकडे जातात, तिशीत दुकान थाटतात आणि मग गावाकडची बायको मागवतात. स्वतः यायला सवड नसते. इथे चर्चमध्ये मुलीशेजारी नवऱ्याचा मुखत्यार म्हणून कोणीतरी उभा राहतो, लग्न लागतं, आणि मग मुलगी बोटीत बसते. तिच्याआधी तिचं चित्र गेलेलं असतं. धक्क्यावर नवऱ्याने ते हातात धरून तिला ओळखायचं.

आणि इथेच दोना बाल्बिनाचं घोडं अडलं. आर्कोझेलोची एक मुलगी ब्राझीलच्या बेलें बंदरात, धक्क्यावर ट्रंकेवर बसून होती. नवरा तिचं चित्र हातात घेऊन तिच्यासमोरून तीनदा गेला. दुसऱ्या एकाने चित्रावरून भलत्याच बाईचा हात धरला आणि तिच्याकडून थोबाडीत खाल्ली. तिसऱ्याने बायकोला घरी नेलं खरं, पण वर्षभर तो तिला विचारत होता, "तुझी मोठी बहीण आहे का गं कोणी?" अशा गोष्टी पत्रांतून गावाला यायला वेळ लागत नाही. ब्राझीलहून येणाऱ्या पत्रांत मजकूर बदलला. 'लघुचित्र नको, फोटो पाठवा.' १९०९ च्या जानेवारीपर्यंत दोना बाल्बिनाकडे एकही काम उरलं नव्हतं. ब्रागाच्या वहिनीने निरोप पाठवला होता: इकडे ये, संतांची छापील चित्रं रंगवायला माणूस हवंय. दोना बाल्बिनाने उत्तर दिलं नव्हतं. नाहीही म्हटलं नव्हतं.

तेवढ्यात माझ्या मावसबहिणीच्या, लेओकादियाच्या लग्नाचं पत्र आलं.

नवऱ्याचं नाव कुस्तोदियो. पुलापलीकडचा, तेराव्या वर्षी गेलेला, आता बेलेंला त्याचं खिळे-कुलपांचं दुकान. पत्र मीच वाचून दाखवलं, कारण आमच्या पेर्पेतुआआजीला वाचता येत नव्हतं आणि मी पोर्तोची शाळा संपवून त्या वर्षी घरी होते. त्याने लिहिलं होतं: 'इथल्या दमट हवेत फोटोला बुरशी येते. माझ्या शेजाऱ्याच्या बायकोच्या फोटोत तिच्या नाकावर शेवाळ उगवलंय. म्हणून मला दोना बाल्बिनाच्या हातचं हस्तिदंतावरचं चित्र हवं. पण ओळखू येईल असं.'

"ओळखू येईलच की," आजी म्हणाली. "मागे नाव लिहायला सांगू."

दोना बाल्बिनाला पत्र दाखवलं तेव्हा तिने ते शेवटचं वाक्य दोनदा वाचलं, घडी घातली, आणि म्हणाली, "हे धक्क्यावर फसलं, की मी ब्रागाला गेले म्हणून समजा. कुंचले तुमच्या पोरांना वाटून टाकीन, बुटांना पॉलिश करायला."

लेओकादियाचं रूप सांगायचं तर गालांवर तपकिरी ठिपके, भुवया दाट, आणि पुढच्या दोन दातांत एवढी फट की शेंगदाणा अडकवता यावा. हसली की घर दणाणायचं. ईस्टरआधीच्या उपवासाच्या दिवसांत तीन आठवडे ती खिडकीपाशी बसली आणि दोना बाल्बिना जिभेच्या टोकाने कुंचला ओला करून करून ठिपके देत राहिली. आजी मागे उभी.

"तोंड मीट गं, दात दिसतायत."

"आजी, मी श्वास घेतेय."

"नाकाने घे. देवाने नाक कशाला दिलंय?"

"ते लहान करणार आहेत ना दोना बाल्बिना, मग कसं पुरेल?"

दोना बाल्बिना ठरवून बसली होती की या वेळी बापाचा नियम मोडायचा. मला माहीत आहे, कारण ती पुटपुटायची. "ठिपके राहू देत, ठिपके राहू देत." आणि पुटपुटता पुटपुटता तिचा हात ठिपके पुसून टाकायचा. पवित्र शनिवारी चित्र पुरं झालं. मागे चांदीच्या वर्खाचा तुकडा लावला की हस्तिदंतातून गाल आतून उजळतात, तोही लावला. चित्र देखणं होतं यात वाद नाही. लेओकादियाने ते हातात घेतलं, लांब धरलं, जवळ धरलं.

"ही कोण?" तिने विचारलं. "हिला विचारा, ही जाते का ब्राझीलला. मी राहते इथेच."

दोना बाल्बिनाने कुंचले धुतले, डबी मिटली. मंगळवारी पहाटे टपालाची घोडागाडी निघणार, बुधवारी लेइशोंइश बंदरातून बोट. आता नवीन काय करणार?

काच तेवढी राहिली होती. लघुचित्रावर घड्याळाची काच बसते, आणि आमचा घड्याळजी सणाच्या आदल्या दिवशी दुकान बंद करून मोकळा झाला होता. दोना बाल्बिना म्हणाली, सोमवारी बसवू, तोवर चित्र माझ्याकडे राहू दे. पण आजीला ते ईस्टरच्या दिवशी घरात हवं होतं. पाद्रीबाबा क्रूस घेऊन घरोघर येतात, तेव्हा चित्रालाही आशीर्वाद मिळावा. समुद्र ओलांडायचाय.

"पाण्याचा थेंबही पडता कामा नये," दोना बाल्बिनाने बजावलं. "हस्तिदंतात रंग मुरत नाही, नुसता वर बसतो. ओलं बोट लागलं की गेला."

"मी काय लहान आहे? पाद्रीबाबांना सांगेन, लांबून शिंपडा."

रविवारी सकाळी उंबऱ्यावर फुलांचा आणि बडीशेपेच्या पाल्याचा सडा पडला. ओव्हनमध्ये करडू भाजत होतं. टेबलावर आजीच्या लग्नातली चादर, तिच्यावर उंच फुगलेला अंड्यांचा केक, साखरेत घोळलेले बदाम, दालचिनीची नक्षी काढलेला गोड भात, आणि मधोमध लाल मखमलीच्या उशीवर लेओकादियाचं चित्र. गल्लीत घंटी वाजली, आम्ही सगळे मोठ्यापासून लहानापर्यंत ओळीने गुडघ्यांवर बसलो. पाद्रीबाबा आले. आजीने सांगितल्याप्रमाणे त्यांनी पवित्र पाणी इतक्या लांबून शिंपडलं की ते सगळं भातावर पडलं. फुलं बांधलेला क्रूस ओळीने पुढे आला, प्रत्येकाने ओठ टेकले. पाद्रीबाबांनी घाईघाईने दोन बदाम तोंडात टाकले, अजून चाळीस घरं व्हायची होती, आणि मंडळी निघून गेली.

आता आजीचा भाऊ तोमेमामा. वय ऐंशी, डोळे अधू, चार बोटांवर धरलेलं तेवढं दिसायचं. सगळं गाव त्यांना मामाच म्हणायचं. क्रूस आला तेव्हा मामांचा गुडघा धरला होता, त्यामुळे ते उठेपर्यंत क्रूस गल्लीत पोचला होता. मामा टेबलाशी आले. समोर लाल मखमल, मखमलीवर काहीतरी चकाकतंय. मामांनी टोपी काढली, वाकले, आणि भक्तिभावाने चांगलं दाबून ओठ टेकले.

आमच्याकडे घरातला सगळ्यात मोठा माणूस ज्याला ओठ टेकतो त्याला बाकीच्यांनीही टेकायचे असतात, कशाला म्हणून विचारायचं नसतं. मामांच्या मागे आर्माल्दो मावसा. त्याला वाटलं, पाद्रीबाबा कसलंतरी पदक ठेवून गेलेत. त्याच्यामागे मावशी. मग ओळच लागली. डोळे मिटून, हात जोडून, एकामागून एक. मीही टेकले, खोटं कशाला सांगू? नंतर कोइंब्राला जाऊन पदवी घेतली ती याच मी. लेओकादिया तेवढी स्वयंपाकघरात करडाकडे बघत होती, आणि आजी पाद्रीबाबांना पोचवायला फाटकापर्यंत गेली होती.

दोना बाल्बिना स्वतःच्या घरी क्रूस होऊन गेल्यावर आमच्याकडे आली. दारात पाऊल टाकलं तेव्हा अकरावा माणूस वाकला होता. तिने अशी किंकाळी फोडली की मावसा गोड भातात बसायचा राहिला.

चित्रात केस होते. सोन्याची कर्णफुलं होती, गळ्यातलं बदामाच्या आकाराचं पदक होतं, निळा झगा होता. मधे चेहरा नव्हता. गुलाबी पुसट डाग तेवढा, आणि त्याच्या कडेला कोणाच्यातरी मिशीचे ओरखडे.

मामांनी ओठांवरून जीभ फिरवली.

"कुठली संत होती ही?" त्यांनी विचारलं. "गोड होती."

गोड असणारच. रंग हस्तिदंतावर धरावा म्हणून डिंकात खडीसाखर घालतात.

आजी परत आली, तिला कळलं, आणि तिने भावाला जे काही ऐकवलं ते मी ईस्टरचा मान राखून लिहीत नाही. दोना बाल्बिना उंबऱ्यावर, तुडवलेल्या फुलांत बसली होती. गेले मी ब्रागाला, असं तिच्या तोंडावर लिहिलं होतं. तेवढ्यात लेओकादिया स्वयंपाकघरातून पळी घेऊन बाहेर आली. "काय झालं?" तिला कोणीतरी सांगितलं. मखमलीवरची चकती तिने पाहिली. मग ओळीने सगळ्यांची तोंडं पाहिली. मावशाच्या मिशीला अजून गुलाबी लागलं होतं.

आणि ती हसायला लागली. पळी पडली, ती भिंतीला टेकली, तिला श्वास घेता येईना. "अकरा! अकरा जण! अगं आजी, नवऱ्याच्या आधी अकरा जण! आणि मामा म्हणतात गोड!" फटीसकट सगळे दात बाहेर.

दोना बाल्बिनाने उंबऱ्यावरून मान वर केली. बघत राहिली. मग एकदम उठली.

"तोंड मिटू नकोस," ती म्हणाली. "मिटलंस तर मार खाशील. केक उचला ते टेबलावरून. खिडकीपाशी आणा ते. माझी डबी आणायला कोण धावतंय?"

असं चित्र मी तरी दुसरं पाहिलेलं नाही. डबी आली. तिने ओल्या कापसाने चेहऱ्याची जागा पार कोरी केली. तीन आठवड्यांचं काम दीड दिवसात करायचं, म्हणजे ठिपके देत बसायला वेळ नाही आणि दाणे मोजायलाही नाही. हात बापाकडे वळायच्या आत पुढचा फटकारा द्यावा लागत होता. हसू काही तासन्‌तास टिकत नाही, म्हणून मामांना समोर खुर्चीवर बसवलं. लेओकादियाचं हसू ओसरलं की दोना बाल्बिना मान न वळवता हुकूम सोडायची, "मामा!" आणि मामा ओठ चाटून म्हणायचे, "गोड होती हो." की ही पुन्हा फुटली.

रविवारी उजेड असेपर्यंत, सोमवारी पहिल्या उजेडापासून. आमच्या घरातलं करडू सगळ्यांनी उभ्यानेच खाल्लं. सोमवारी दुपारी आजीने जवळ जाऊन चित्र पाहिलं.

"हे काय? चांगल्या घरची मुलगी, आणि परपुरुषाला दात काढून दाखवतेय! हस्तिदंतावर! ती फट तरी बुजव, बाल्बिना."

"नाही."

"ठिपके?"

"आहेत तिथे राहतील."

"मी नाही पाठवू देणार हे."

"पेर्पेतुआबाई, दात झाकायचे असतील तर हिलाच बुरख्यात घालून पाठवा," दोना बाल्बिना म्हणाली. "चित्र त्याने माझ्या हातचं मागितलंय. हे माझ्या हातचं पहिलंच आहे."

घड्याळजीला सणाच्या झोपेतून उठवून काच बसवून घेतली. आजी ते पाकीट कुठेतरी दडवेल ही शंका दोना बाल्बिनाला होती, आणि खरी होती. म्हणून मंगळवारी पहाटे ती स्वतः पाकीट घेऊन गाडीतळावर गेली आणि गाडी पुलावरून दिसेनाशी होईपर्यंत तिथेच उभी राहिली. आमची नदी ओलांडली की माणूस सगळं विसरतो, अशी रोमन शिपायांची भीती होती म्हणतात. दोना बाल्बिना परत येताना म्हणाली, "आता मी काय करून बसले ते मलाही विसरता आलं तर बरं."

जूनमध्ये ब्राझीलहून कागद आला. मुखत्यारपत्र, सही, शिक्का. चित्राबद्दल अवाक्षर नाही. मुखत्यार म्हणून घरातला वडीलधारा पुरुष नेमलेला, म्हणजे तोमेमामा. पहिलं चुंबन त्यांचं आणि लग्नही त्यांच्याशीच! चर्चमध्ये पाद्रीबाबांनी प्रश्न विचारला तेव्हा मामा इतक्या जोरात "हो!" म्हणाले की शेवटच्या बाकावरून कोणीतरी ओरडलं, "मामा, जरा बेताने, ती जायचीय ब्राझीलला!" लेओकादियाची काय स्थिती झाली ते सांगायला नको. आजी लग्नभर तिला चिमटे काढत होती.

ऑगस्टमध्ये ती बोटीत बसली. मग वाट बघणं. दोना बाल्बिना रोज टपाल यायच्या वेळेला आमच्या दारावरून जायची, बाजारात जातेय असं दाखवत. टोपली रिकामी. वेनान्सियो फोटोवाल्याने तिला चौकात विचारलं, "काय दोना बाल्बिना, ब्रागाला कधी?" ती म्हणाली, "तुमच्या नाकावर शेवाळ उगवलं की."

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात लेओकादियाचं पत्र आलं. दोना बाल्बिनाला बोलावून आणलं, आणि मी वाचायला घेतलं.

'बोटीवर सतरा दिवस मी ओकत होते,' तिने लिहिलं होतं. 'धक्क्यावर उतरले तेव्हा माझं तोंड आंबलं होतं आणि ओठ घट्ट मिटलेले. समोर पुरुषांची गर्दी, सगळ्यांच्या हातात फोटो. कुस्तोदियो माझ्यासमोरून गेला. हातात आपलं चित्र. मी ओळखलं, फ्रेमवरून. तो पुढे गेला, परत आला, पुन्हा गेला.'

दोना बाल्बिना खुर्चीत मागे रेलली. "झालं," ती म्हणाली.

"थांबा हो, पुढे आहे."

'दुसऱ्यांदा गेला तेव्हा माझ्या मनात आलं, याने निदान काचेला ओठ लावून बघितलं असेल का? आणि मला मामा आठवले. जीभ फिरवून गोड होती म्हणणारे. धक्क्यावर ट्रंकेवर बसून मी हसत सुटले. हमालाने डोक्यावरची पेटी खाली ठेवली. कुस्तोदियो चांगला वीस पावलं लांब होता. तो तिथल्या तिथे वळला. चित्राकडे बघितलं नाही, माझ्याकडेच बघत धावत आला. म्हणाला, तू तोंड मिटून बसली असतीस तर मी घरी निघून गेलो असतो. चित्र त्याने खिशात टाकलं, आणि आता ते दुकानात गल्ल्याच्या वर टांगलंय. गिऱ्हाइकं त्याच्याकडे बघून हसतात आणि जास्त कुलपं घेतात. दोना बाल्बिनाला माझ्यातर्फे अकरा चुंबनं.'

मावशी रडायला लागली, मावसा मामांची पाठ थोपटायला लागला. आजीनेही डोळे पुसले, ओव्हनचा धूर लागला म्हणाली. दोना बाल्बिना मात्र कपाळाला आठ्या घालून बसली होती.

"तो भाग पुन्हा वाच. दोनदा गेला तो."

मी वाचला.

"म्हणजे हसताना ओळखलं. मिटलेलं तोंड अजून मला येतच नाही."

"अगं बाई, लग्न जमलं ना!" आजी करवादली. "आता कशाला किरकिर?"

"पेर्पेतुआबाई, तुम्ही उद्या सकाळी खिडकीपाशी बसा."

"मी? मला कुठे ब्राझीलला जायचंय?"

"तुमचं तोंड घरात सगळ्यात घट्ट मिटतं, म्हणून."

ब्रागाच्या वहिनीला नाही म्हणून कळवलं गेलं. त्या हिवाळ्यात ब्राझीलहून चार कामं आली, चारही मुली हसऱ्या हव्या होत्या, आणि मामांना वाइनच्या पेल्यावर समोर बसायची नोकरी लागली. पण दोना बाल्बिनाचा जीव अडकला होता आजीच्या तोंडात. चारदा पुसलं, चारदा काढलं. पाचव्यांदा कुंचला खाली ठेवला, काच बसवून आणली आणि चित्र मखमलीच्या उशीवर ठेवलं.

आजीने बघितलं. "हिला मिशी आहे."

"तुम्हालाही आहे."

"कपाळाला किती आठ्या या! कोणावर चिडलीय ही?"

"आत्ता माझ्यावर," दोना बाल्बिना म्हणाली, आणि तिच्या मनात अजून धाकधूक होती, कारण तिने आमच्या एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. आम्ही ओळखणारच होतो. आम्हाला माहीत होतं चित्र कोणाचं ते.

मामांना कोणी सांगितलं नव्हतं. ते काठी टेकत आत आले, मखमलीवर काहीतरी चकाकताना पाहिलं, टोपी काढली आणि कोणी अडवायच्या आत वाकून ओठ टेकले. मग तिथेच, चार बोटांवरून, बराच वेळ निरखून पाहिलं.

"आज गोड नाही लागली," ते म्हणाले.

"काच आहे मामा वरती," मी म्हटलं.

"काचेचं काय घेऊन बसलीस," मामा म्हणाले आणि कमरेवर हात ठेवून सरळ झाले. "ही आमची पेर्पेतुआ आहे. ही कधीच गोड नव्हती."

दोना बाल्बिना इतकी हसली की तिच्याच डबीतले कुंचले जमिनीवर सांडले. तिच्याही पुढच्या दातांत फट होती. इतकी वर्षं आम्हाला कोणालाच माहीत नव्हतं.